डिकीतला खोका

सखुबाईने गाडीची डिकी उघडली, तर तिच्या मासळीच्या पाटीच्या जागेवर तिचा तीस वर्षांचा मुलगा अंगाची घडी करून पडला होता. हातात टेप, दातांत पेन्सिल.

"अनंता, आत काय करतंस रं?"

"माप घेतोय."

"कशाचं?"

"आतल्या हवेचं."

"मना पाटी ठेवाची हाय. तू आणि तुझी हवा, दोघं भायेर निघा."

अनंता बाहेर निघाला, पण पाटी काही आत गेली नाही. "आता माशाची पाटी ठेवायची नाय," त्याने सांगितलं. "वास लागला तर स्पीकरचा कागद खराब होतो."

ही सेकंडहँड फियाट घरात आली होती ती मुळात सखुबाईसाठी. एकोणतीस वर्षं ती वर्सोव्याहून अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला जात होती, आणि एकोणतीस वर्षं टॅक्सीवाले तिची पाटी बघून नाकाला रुमाल लावत होते. कुणाला नेमकं जेवायला जायचं असे, कुणाचं पेट्रोल संपलेलं असे. म्हणून होळीला गाडी घेतली तेव्हा अनंताने अख्ख्या गल्लीसमोर जाहीर केलं होतं, "पुढची सीट माझी, मागची पाहुण्यांची, डिकी आईची." पूजेच्या वेळी सखुबाईने हळदकुंकू बॉनेटला न लावता डिकीला लावलं होतं. त्या दिवशी ती फार खूश होती.

पण होळीनंतर पावसाळा येतो. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या, की कोळीवाड्यातले पुरुष रिकामे होतात आणि बायकांचं काम दुप्पट होतं. रिकामं डोकं सैतानाचं घर म्हणतात. अनंताच्या डोक्यात चंद्रप्रकाश राहायला आला.

चंद्रप्रकाशचं अंधेरी स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडे दुरुस्त झालेला रेडिओ पुढे फक्त बातम्या ऐकवतो, गाणी लागली की खरखरतो, असा त्याचा लौकिक होता. मात्र त्याचा मावसभाऊ दुबईला होता आणि मावसभावाने त्याला एक रंगीत कॅटलॉग आणि एक बारा इंची स्पीकर आणून दिला होता. एवढ्या भांडवलावर चंद्रप्रकाश स्वतःला साउंड इंजिनियर म्हणवून घेई.

"याला सबवूफर म्हणतात, बॉस," त्याने अनंताला सांगितलं. "हा कानाने ऐकायचा नसतो. पोटाने ऐकायचा."

अनंताच्या पोटात वर्षभर एक गोष्ट सलत होतीच. गेल्या नारळी पौर्णिमेला पलीकडच्या गल्लीतल्या नंदकुमारने टेम्पोवर दोन भोंगे लावून मिरवणूक काढली होती आणि अनंताच्या गल्लीची गाणी कुणालाच ऐकू गेली नव्हती. नंदकुमार नंतर भेटला तेव्हा त्याने विचारलं होतं, "काय रे, यंदा तुम्ही मिरवणूक काढली नाय काय?"

मग ओट्यावर बैठका सुरू झाल्या. डिकीत लाकडी खोका, खोक्यात सबवूफर, जोडीला चंद्रप्रकाशने घरी जोडलेला अॅम्प्लिफायर. पाच दिवसांत अकरा नकाशे काढले गेले. ज्यांच्या घरी ट्रान्झिस्टरही नव्हता, त्यांनी बासचा घुमणारा आवाज किती असावा यावर मतं दिली. जुने नकाशे सखुबाई उचलून नेई आणि त्यांत गिऱ्हाइकांना सुकट बांधून देई. अंधेरीच्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्या आठवड्यात सबवूफरची मापं पोचली.

"आणि माझी डिकी?" तिने एकदा विचारलं.

"पौर्णिमा झाली की खोका काढतो ना. पहिली बोट यायच्या आत डिकी तुझी."

"काढशील?"

"शप्पथ."

सखुबाई पुन्हा टॅक्सीवाल्यांच्या मिनतवाऱ्या करू लागली.

चंद्रप्रकाशच्या मते खोक्याचे नियम दोनच होते. लाकूड जाड हवं, आणि सुईच्या टोकाएवढीही हवा लीक होता कामा नये. दुसऱ्या एखाद्या वस्तीतला माणूस यासाठी कपाटं करणाऱ्या सुताराकडे गेला असता. अनंता वर्सोव्याचा. तो सरळ किनाऱ्यावर गेला आणि चाळीस वर्षं होड्या बांधणाऱ्या राजाराम मेस्त्रींना घेऊन आला. मेस्त्री मूळचे मालवणकडचे. होडीखेरीज त्यांनी आयुष्यात काही बांधलं नव्हतं, घरातला पाटसुद्धा नाही.

"हवा आत शिरता कामा नये, मेस्त्री," अनंता म्हणाला.

"माझ्या होडीत पाणी शिरना नाय, थंय वारो खंयसून शिरतलो?"

"बस. आणि वरच्या फळीला मधोमध बारा इंचाचं भोक ठेवा."

मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "चाळीस वर्सा मी भोका बुजवतंय. आता तू म्हणतस भोक पाड?"

"स्पीकर बसवायचाय त्यात."

"भोक ता भोकच."

शेवटी ते तयार झाले, पण मनाविरुद्ध. कापून निघालेली गोल चकती त्यांनी फेकली नाही. तिच्या कडा तासल्या, भोकात एकदा नीट बसवून बघितली आणि आपल्या पिशवीत टाकली. अनंताने कारण विचारलं, तर म्हणाले, "उघडा भोक कधी ना कधी बुजवचा लागता."

बाहेर पाऊस होता, म्हणून मेस्त्रींनी ताडपत्रीखाली बसून खोका डिकीतच बांधला. ट्रॉलरच्या उरलेल्या सागाच्या दीड इंची फळ्या, तांब्याचे खिळे, सांध्यांत कापूस आणि राळ ठासलेली. चार दिवसांनी खोका पुरा झाला तेव्हा गाडीचं मागचं अंग इतकं खाली बसलं होतं, की हेडलाइटचा उजेड समोरच्या घराच्या कौलांवर पडे. खोका डिकीच्या तोंडापेक्षा हातभर मोठा झालाय, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी अनंता उठला तो वासाने. कुणी आठवडाभर बंद खोलीत मासळी विसरून गेलं असावं, असा वास होता. गाडीभोवती गल्लीतली सात मांजरं बसली होती, आठवं टपावर होतं.

"मेस्त्री, काय केलंत?"

"मुशी माशाचा तेल," मेस्त्री म्हणाले. "आतून दोन हात, भायरसून दोन हात. तेल लावल्याशिवाय मी लाकूड पाण्यात सोडतंय काय?"

"हा पाण्यात जायचा नव्हता, मेस्त्री."

"ता माका सांगूक नाय कोणी."

सखुबाई ओट्यावर कोलीम, तो बारीक जवळा, निवडत होती. ती इतकंच म्हणाली, "माझ्या पाटीला वास येत व्हता नाय?"

पौर्णिमा दोन दिवसांवर होती, आता मागे फिरणं शक्य नव्हतं. चंद्रप्रकाश नाकाला रुमाल बांधून आला. पावसाने भिजू नये म्हणून त्याने अॅम्प्लिफायर खोक्याच्या आतच ठेवला आणि वरून स्पीकर आवळून टाकला. "आता हा आवाज दहिसरला ऐकू येईल," तो रुमालातून म्हणाला.

नारळी पौर्णिमेला गल्लीची मिरवणूक निघाली. पुढे नाक वर करून फियाट, मागे सोन्याचा कागद लावलेला नारळ, त्यामागे नऊवारी नेसलेल्या, वेणी माळलेल्या बायका. अनंताने लाल टोपी घातली होती. शेजारी बसलेल्या चंद्रप्रकाशने कॅसेट आत ढकलली.

आवाज खरोखर पोटात शिरला. घरांच्या पत्र्यांनी ठेका धरला, एका म्हातारीने छातीवर हात ठेवला, आणि पलीकडच्या गल्लीत नंदकुमारने टेम्पो थांबवून कान टवकारल्याचं पोरांनी पळत येऊन सांगितलं. अनंताला त्या क्षणी जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ते दीड कडवं टिकलं.

बंद खोक्यात अॅम्प्लिफायर तापला. तो तापला तसं मुशीचं तेल तापलं. आधी वास आला, मग धूर आला, मग सबवूफरने बोका गुरगुरावा तसा एक आवाज काढला आणि सगळं गप्प झालं. जाताना अॅम्प्लिफायर गाडीची वायरिंगही घेऊन गेला. इंजिन बंद पडलं.

गल्ली एवढी अरुंद, की गाडीच्या दोन्ही बाजूंनी फक्त मांजरं जाऊ शकत होती. मागे नारळ खोळंबला. भरती कुणासाठी थांबत नाही.

"आता?" अनंताने विचारलं.

"फ्यूज बघावा लागेल, बॉस."

"कुठंय फ्यूज?"

"खोक्यात."

तेवढ्यात मागून सखुबाई पुढे आली. तिने पदर खोचला आणि बाजारात भाव सांगते त्या आवाजात म्हणाली, "बायांनो, हात लावा. होडी समजून ढकला." मग तिनेच गाणं उचललं. मागच्या चाळीस बायकांनी ते घेतलं, आणि फियाट समुद्राकडे निघाली. सखुबाईचा आवाज कुठल्याही वायरीशिवाय खाडीपर्यंत गेला. नंदकुमारच्या गल्लीतल्या बायकासुद्धा भोंगे सोडून तिच्या मागे गाऊ लागल्या. अनंता नुसतं स्टिअरिंग धरून बसला होता. त्याला लाज वाटत होती, आणि आईचा अभिमानही.

किनाऱ्यावर नारळ समुद्राला दिला गेला. मेस्त्रींनी सवयीने खोक्यालाही कुंकू लावलं.

पहिली बोट यायच्या आदल्या दिवशी, गाडीची वायरिंग दुरुस्त करून आणल्यावर, अनंताने शपथेप्रमाणे खोका काढायला घेतला. स्पीकर आणि अॅम्प्लिफायरचा कोळसा निघाला, खोका निघाला नाही.

"काढूचो झालो तर गाडी फोडूक व्हयी," मेस्त्रींनी निकाल दिला. "नायतर खोको. आणि खोको मी फोडू देवचंय नाय."

अनंता मान खाली घालून उभा राहिला. "आई, चुकलं माझं."

सखुबाईने वाकून भोकात हात घातला, आतल्या फळीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "मेस्त्री, हा गळंल?"

मेस्त्रींचा एवढा अपमान कुणी केला नव्हता. "माझो खोको? गळतलो?"

"मंग उद्या बर्फ आण रं."

दुसऱ्या दिवशी पहाटे, पहिली बोट लागल्यावर, भोकातून बर्फ आत गेला, बर्फावर पापलेटं गेली. मेस्त्रींनी पिशवीतून गोल चकती काढली, भोकावर ठेवली आणि तळव्याने एक थाप मारली. ती अशी बसली, की पाण्याचा थेंबही बाहेर आला नसता. पहाटे भरलेला बर्फ दुपारी दोनला अंधेरीच्या बाजारात तसाच्या तसा होता. सखुबाईची मासळी एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळपर्यंत ताजी राहिली. ती घरी आली ती मागच्या सीटवर, पाहुण्यांच्या जागी बसून.

दिवाळीच्या सुमाराला विलेपार्ल्याचे एक गृहस्थ नव्या गाडीतून बाजारात आले. त्यांना डिकीत सबवूफर बसवायचा होता, आणि चंद्रप्रकाशने त्यांना आपलं काम बघायला पाठवलं होतं.

"अंधेरीतला पहिला खोका तुमचाच ना?" त्यांनी विचारलं. "हवा बिलकुल लीक होत नाही म्हणे."

"बिलकुल नाय," अनंता म्हणाला आणि त्याने चकती उचलली.

गृहस्थ वाकून बराच वेळ आत बघत राहिले. एवढं दूर आल्यावर काहीतरी विचारायला हवं, म्हणून त्यांनी विचारलं, "आवाज कसा आहे?"

अनंताने आईकडे बघितलं. सखुबाईने एक पापलेट उचलून त्याचे कल्ले उघडून गृहस्थांच्या नाकासमोर धरले.

"आवाज कशाला पायजे?" ती म्हणाली. "वास घे, आणि सांग कवरे देऊ."

गृहस्थांनी चार घेतली. ती कुठे ठेवायची, असं विचारत त्यांनी आपल्या नव्या गाडीची डिकी उघडली, आणि सखुबाईने पलीकडे बर्फ फोडत बसलेल्या मेस्त्रींना माप घ्यायला हाक मारली.