चिंतामणीची कानपिळी

"लग्नात माझे कान कोणाला दिसले, तर चिंतामणी नाव लावणार नाही!" चिंतामणीने आपल्या मित्राला, गणोजीला, छातीठोकपणे सांगितलं. साल त्रेपन्न, चैत्र महिना, गाव देवास.

तसे कान चांगले होते. फक्त इतरांचे डोक्याला धरून असतात, ह्याचे उघड्या खिडकीच्या झडपांसारखे दोन्हीकडे उभे! दोन स्थळांनी नकार दिला होता. त्यातल्या एकाने तर "मुलगा उत्तम, परंतु मुलीचं हसू थांबत नाही" असं स्वच्छ अक्षरात कळवलं होतं.

म्हणून धारच्या विद्युल्लतेला बघायला तो मुद्दाम थंडीत, मार्गशीर्षात गेला होता. सर्दीचं निमित्त सांगून त्याने पोहे, चहा आणि प्रश्नोत्तरं सगळं मफलर गुंडाळून उरकलं. मुलगी त्याला फार आवडली. आणि होकार आला! पण मुहूर्त निघाला वैशाखातला. वैशाखात मफलर बांधणाऱ्या नवरदेवाला लोक बोहल्यावर नेत नाहीत, दवाखान्यात नेतात.

मग उपाय सुरू झाले. डोक्याला फडकं करकचून बांधून पाहिलं. फडकं गळ्यात उतरलं, कान जागेवर. कंपाउंडरकडची चिकटपट्टी लावून पाहिली. ती घामाने सुटली आणि कचेरीत साहेबांच्या चहात पडली!

शेवटी गणोजी धावून आला. तो हार्मोनियम दुरुस्त करायचा, फुटलेलं लाकूड सरसाने चिकटवायचा. "सरस लावू, भिया! पेटी फुटेल, पर जोड सुटणार नाही."

"आणि सोडवायचा झाला तर?"

"गरम पाणी. पर सोडवायचा कशाला?"

लग्नाच्या सकाळी, धारला, जानवसघरात गणोजीने सरस कढवला. तो कानात ओघळू नये म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे ठासले आणि कान मागे दाबून चिकटवले. चिंतामणीने आरशात पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा जिथे संपायला हवा तिथे संपत होता. त्याचे डोळे भरून आले.

मांडवात सासरे मोरोपंत भेटले. त्यांना मुळातच कमी ऐकू यायचं. ते ओरडले, "उकाडा फार आहे!"

बोळ्यांमुळे चिंतामणीला ऐकू आलं, "लाडू फार आहेत!"

"हळूहळू संपवू!" तो म्हणाला.

"हो हो, गुरुजी आलेत!" मोरोपंत म्हणाले. दोघांचंही समाधान झालं.

होम पेटला. उजवीकडे बसलेली विद्युल्लता दोनदा हळूच काहीतरी म्हणाली. चिंतामणीने दोन्ही वेळा गोड हसून मान डोलावली. इकडे धगीने सरस पाघळू लागला होता. लाह्यांचा होम झाला, त्यातल्या चार लाह्या कानाला चिकटल्या. मग कानपिळीसाठी मेहुणा पुढे आला. मेहुणा म्हणजे तात्या, रोज तालमीत जाणारा! त्याने उजवा कान धरला आणि पिळला.

सांधा सुटला, पण तात्याची बोटं अडकली!

"सोड की आता, उपरणं दिलं ना!" वऱ्हाडी म्हणाले.

"सुटत नाहीये!" तात्या म्हणाला.

"सोडत नाहीये म्हणतो! टोपी द्या त्याला!"

टोपी आली. तात्या कळवळला, "अहो, सोडत नाही नव्हे, सुटत नाही!"

"धोतरजोडी द्या!"

धोतरजोडीही आली. मानपानात इतका चिवट मेहुणा धारमध्ये कोणी पाहिला नव्हता. गुरुजी मुहूर्ताच्या नावाने बोंब मारू लागले. शेवटी गणोजी आचाऱ्याकडे धावला आणि गरम पाण्याची म्हणून चहाचीच किटली घेऊन आला. चहा कोमट होता, एवढंच नशीब! धार लागली, बोटं सुटली, बोळा पडला आणि चार लाह्यांसकट कान आपल्या मूळ जागी टाणकन उभा राहिला.

मांडव हसून लोळला. चिंतामणीला वाटलं, तिसरंही स्थळ गेलं! खाली मान घालून तो म्हणाला, "मी फसवलं तुम्हाला. माझे कान..."

"मला माहीत आहेत," विद्युल्लता हळूच म्हणाली. "त्या दिवशी मोटारीतून उतरून तुम्ही मफलर झटकलात, तेव्हा मी समोरच उभी होते. मघाशीही दोनदा सांगितलं, कान वितळतोय म्हणून."

"मग होकार कसा दिलात?"

"बाबांना ऐकू येत नाही. जन्मभर ओरडून बोलतेय मी. म्हटलं, ह्या कानांशी तरी हळू बोलता येईल."

आपल्या कानांचा इतका आनंद चिंतामणीला कधीच झाला नव्हता. सप्तपदी तो कान मिरवत चालला. सप्तपदी झाल्यावर विद्युल्लता रीतीप्रमाणे त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि लाजत, अगदी हळू, काहीतरी बोलली.

"काय?" चिंतामणी म्हणाला.

ती पुन्हा बोलली.

"काय म्हणालात?"

विद्युल्लतेने एकदा मोरोपंतांकडे पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि माहेरच्या आवाजात ओरडली, "आता हाही सोडवून घ्या!"