नळ क्रमांक दोनशे चौदा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात नऊ अनोळखी माणसं होती, आणि एक कुत्रा. सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे होते. कुत्रासुद्धा! बाबा ओट्याखाली आडवे झाले होते. त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि तिथूनच ते रांगेला धीर देत होते.

"भिंतीपलीकडे तोटी निघाली की तुम्हाला आत यायलाच नको! पाच मिनिटं थांबा. कुणीतरी तो पाना द्या!"

पाना कुत्र्याच्या मालकिणीने दिला. मला कामावर जायची घाई होती.

"बाबा, येते."

"ये," पाय म्हणाले.

हे सगळं कसं झालं ते सांगायचं तर आधी एक बढाई मारावी लागेल. माझ्या हातून नोंद चुकत नाही. अठरा वर्षं मी शहराच्या माहिती कार्यालयात आहे. दुसऱ्यांच्या चुका मला जेवणातल्या केसासारख्या लांबून दिसतात.

गेल्या वर्षी कार्यालयाने ठरवलं, की कपाटातल्या याद्यांचे नुसते फोटो काढून वेबवर टांगायचे नाहीत. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला वेबवर स्वतःचा कायमचा पत्ता द्यायचा, तिची माहिती ठरलेल्या रकान्यांत भरायची आणि ती सर्वांना खुली करायची. मग जगातली कुठलीही यादी आपल्या यादीला जोडून घेता येईल. सुरुवात कशाने करायची? मी म्हटलं, सार्वजनिक नळांनी! बाबा पाणीखात्यात बत्तीस वर्षं फिटर होते. शहरातल्या दोनशे तेरा नळांची वही त्यांच्या उशाशी असायची.

मी त्यांना अर्धा तास ही योजना समजावली. त्यांनी ती एका वाक्यात संपवली.

"म्हणजे नळजोडणीच की! टाकी एक आणि पाइप सगळ्यांचे."

"अगदी तसंच."

"मग टाकीत काही पडलं तर?"

"काय पडणार, बाबा?" मी हसले.

पडला तो आमचाच नळ. रकाने नीट चालतात का ते बघायला मी नमुना म्हणून आमच्या स्वयंपाकघरातला नळ भरला. स्थिती: चालू. वेळ: चोवीस तास. कुणासाठी: सर्वांसाठी खुला. देखभाल: बाबांचं नाव. ही ओळ नंतर खोडायची होती. दोनशे तेरा नळ तपासण्याच्या नादात ती राहिली, आणि यादी खुली झाली.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ बाटली घेऊन दारात! "नळ कुठे आहे?" बाबांनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि पाण्याच्या दाबाविषयी वीस मिनिटं सांगितलं. मी धावत जाऊन ओळ खोडली. आमच्या यादीतून ती गेली, पण तोवर सायकलवाल्यांच्या नकाशाने ती उचलली होती. त्यांच्याकडून पायी फिरणाऱ्यांनी घेतली, त्यांच्याकडून कुत्री पाळणाऱ्यांनी. कुठल्याशा यादीने तिला आमच्या घराच्या बांधकामाचं साल जोडलं आणि आमचा ओटा 'जुनी पाणीव्यवस्था' या सदरात गेला. एका शिक्षिकेने बत्तीस मुलं आणली! मुलांनी ओट्याची चित्रं काढली. न घासलेल्या कढईसकट.

"यंत्राने गोंधळ केलाय, बाबा," मी म्हटलं. "मी सगळ्यांना कळवते. महिनाभरात निघेल."

"यंत्राने?" बाबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "बरं. पण काढायचं कशाला? बत्तीस वर्षं मी 'चालू' लिहिलेले बंद नळ बघितलेत. आपल्याकडे तसं होणार नाही. नोंद म्हणते चालू, तर नळ चालू!"

आणि येईल त्याला ते अभिमानाने सांगू लागले, "एवढ्या शहरातून यंत्राने आमचा नळ निवडला!" मी शेजारी उभी राहून भिंतीकडे बघत असे.

एकदा मी त्यांना नकाशावरचा अभिप्राय वाचून दाखवला. 'पाणी उत्तम. देखभाल करणारे फार बोलतात. पाचपैकी चार तारे.'

"एक तारा कशाचा कापला?"

"बोलण्याचा."

"मग त्यांना म्हणावं परत या. समजावून सांगतो."

तर त्या आदल्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले तेव्हा बाहेरच्या भिंतीला तोटी बसली होती. बाबांनी ती तीनदा उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

पाणी प्यायला लोक येतच राहिले. त्यांना काय माहीत? "काका कुठे आहेत?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "बाहेर गेलेत." नळ बंद असल्याचं सगळ्या नकाशांना कळवायचं ठरवून मी एकदा बसलेसुद्धा. सायकलवाल्यांच्या नकाशाने 'देखभाल' या रकान्यात अजून तेच नाव आहे का, असं विचारलं. मी नाव पुसलं. लाल अक्षरं आली: हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी नाव परत लिहिलं आणि उठले.

दीड महिन्याने तोटी ठिबकायला लागली. वायसर कुठल्या मापाचा ते बघायला बाबांची वही उघडली. दोनशे तेरा नळांच्या खाली, त्यांच्या ठसठशीत अक्षरात एक नवी ओळ होती.

'२१४. आपलं स्वयंपाकघर. चालू. वायसर अर्धा इंची. शेरा: नोंद मुलीच्या हातून चुकून राहिली. यंत्राने केली म्हणते. म्हणू दे. माणसं येतात, बरं वाटतं.'

मी वही घेऊन बाहेरच्या पायरीवर बसले. तेवढ्यात एक सायकलवाली बाई आली, नेहमीची. बाटली तोटीखाली धरून म्हणाली, "काका दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत?"

"बाबा गेले," मी म्हटलं. "दीड महिना झाला." त्यापुढे थांबायला हवं होतं, पण थांबता येईना. "आणि ही नोंद यंत्राने केली नव्हती. मी केली होती. चूक माझी होती. मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मग तिने बाटलीकडे पाहिलं आणि जरा घाबरूनच विचारलं, "म्हणजे... हे पाणी पिण्याचं नाही?"

"पिण्याचंच आहे! नळ चालू आहे. आता देखभाल मी करते."

मग मी तिला वायसरबद्दल सांगितलं, दाबाबद्दल सांगितलं, बत्तीस वर्षांबद्दल सांगितलं. बाटली केव्हाच भरून वाहायला लागली होती.

त्या आठवड्यात नवा अभिप्राय आला. 'पाणी उत्तम. नव्या बाईही फार बोलतात. पाचपैकी चार तारे.'