दामलेकाकांचा खळगा

मी दामलेकाकांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते मागच्या अंगणात उताणे पडून हातपाय हलवत होते. मी नुकतीच मुलाकडे, टेक्सासमधल्या फ्रिस्कोला, राहायला आले होते. वाटलं, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला झटका आला. हातातलं लाटणं घेऊनच धावले. मधे कुंपणाची लोखंडी जाळी. तिथूनच ओरडले, "अहो, घरात कुणी आहे का?"

"मीच आहे," काका पडल्यापडल्या म्हणाले. "घाबरू नका, ताई. खळगा बघतोय. डावीकडे जरा उथळ झालाय." मग उठून माती झटकली आणि म्हणाले, "बायसन असाच लोळतो."

बायसन म्हणजे आपल्या गव्याचा इकडचा भाऊबंद. पुढून केवढं मोठं डोकं, खांद्यावर उंचवटा, अंगावर शाल घेतल्यासारखी लोकर. अंगावरच्या माश्या घालवायला तो धुळीत लोळतो, पुन्हा पुन्हा त्याच जागी. लोळून लोळून तिथे परातीसारखा खळगा पडतो. त्यात पावसाचं पाणी साचतं, बेडूक येतात, फुलं येतात. काका सांगायचे, ही घरं व्हायच्या आधी इथे बायसनचे कळप चरायचे, आणि त्यांचा एक खळगा नेमका आपल्या अंगणात उरलाय.

काका रिटायर्ड इंजिनिअर. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी रश्मी लांब मॉरिसव्हिलला. काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी बायसन, मग आपण." गणपतीत प्रसादाच्या रांगेत मागच्याला पुढे करायचे आणि हेच म्हणायचे. चौकात चारी बाजूंच्या गाड्या जाऊ द्यायचे, मागून हॉर्न वाजले तरी हेच.

त्यांच्या शेजारी जेवायला बसायची कुणाची तयारी नसे. लोकांच्या हातात जिलबी आणि काका हाडांच्या ढिगांबद्दल सांगतायत. "कोट्यवधी होते हो! कातड्यासाठी मारले. आणि त्यांच्यावर जगणारी इथली मूळ माणसं उपाशी मरावीत म्हणूनही मारले. शेवटी काही शेकडेच उरले." मग आवाज खाली यायचा. "टेक्सासमधले वाचले ते एका बाईमुळे. मागे राहिलेली वासरं तिला बघवेनात. तिने नवऱ्याला ती घरी आणायला लावली. आज टेक्सासच्या वरच्या टोकाला, कुरणात जो कळप आहे ना, तो त्या वासरांचा वंश."

तो कळप बघायला काका आम्हाला एकदा घेऊन गेले. भल्या पहाटे निघालो. कुरणात पोचलो तर एक बायसन रस्त्याच्या मधोमध उभा. काकांनी गाडी बंद केली, डबा उघडला आणि दशम्या वाटल्या.

माझा समीर वैतागला. "काका, हॉर्न द्या की यार!"

"तुझ्या घरात कुणी शिरून तुलाच हॉर्न दिला तर?"

दशम्या संपल्या, लोणचं संपलं, तरी तो हलेना. काका मात्र देवळात बसावं तसे हात जोडून बसलेले.

मग या वसंतात नोटीस आली. आमच्याकडे एचओए असते, म्हणजे कॉलनीची कमिटी. फिरायच्या रस्त्यावरून जाळीतून खळगा दिसतो, त्यात पाणी साचतं, तो बुजवून हिरवळ लावा, असं त्यांचं म्हणणं. काकांनी नोटीस फ्रिजवर चिकटवली आणि मीटिंगला गेले. समीर सोबत होता, त्यानेच मला सांगितलं. काका इतका वेळ बोलले की एक बाई विणकाम काढून बसली. शेवटी अध्यक्षांनी पुरावा मागितला. काका म्हणाले, "तुमचं घर आधी की जमीन आधी?" आणि खाली बसले. कमिटीने महिनाअखेरची मुदत दिली.

"मी बुजवणार नाही," काका मला म्हणाले. "त्यांनी दंड करावा, कोर्टात न्यावं. मी खळग्यात खुर्ची टाकून बसेन." आणि खरंच रोज बसू लागले, छत्री लावून.

मग रश्मी आली. तिला घर विकून बाबांना आपल्याकडे न्यायचं होतं. तिने दुसऱ्या दिवशीसाठी मातीचा ट्रकही बुक केला होता. मी थालीपीठं घेऊन गेले, तर स्वयंपाकघरात दोघांचं जुंपलेलं.

"बाबा, इट्स जस्ट अ होल!"

"तो बायसनचा खळगा आहे. शेकडो वर्षांचा."

"नो, इट्स नॉट! तो माझा सँडबॉक्स आहे! तुम्हीच मला वाळूत खेळायला केला होता. मी कॉलेजला गेले तेव्हा लाकडं काढली, वाळू काढली. यू नो दॅट!"

मी ताट हातात धरून तशीच उभी. वाटलं, आता काका उसळतील. पण काका नळाखाली आधीच धुतलेला कप पुन्हा धुवायला लागले.

"लहानपणी तू त्यात लोळायचीस," ते पाठमोरेच म्हणाले. "मी तुला बायसनची गोष्ट सांगितली होती ना. शाळेतून आलीस की दप्तर टाकून थेट तिथे. डोकं खाली घालून फुसफुसायचीस. आई ओरडायची, आधी हातपाय धू म्हणून."

रश्मी खिडकीतून अंगणाकडे बघू लागली.

"बायसन जुन्या खळग्याकडे परत येतो," काका म्हणाले. "बुजवला तर त्याला जागा कशी सापडेल? म्हणून दर वर्षी साफ करतो."

रश्मी दार उघडून अंगणात गेली. खळग्याच्या काठावर थांबून तिने फोन लावला. बोलून झाल्यावर आमच्याकडे वळून ओरडली, "ट्रक कॅन्सल केला! कमिटीशी मी बोलते, बाबा." मराठी जरा अडखळत होतं, पण मराठीच होतं. मग बूट काढले, खळग्यात उतरली, क्षणभर बसली आणि अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी सरळ उताणी झाली.

मी चहा गाळला होता. थालीपीठंही निवत होती. "बोलावू का तिला?" मी विचारलं.

काका दाराशी उभे होते. त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"राहू द्या, ताई. आधी बायसन, मग आपण."