बेशुद्ध सोनवणेकाका

सोनवणेकाका बेशुद्ध पडायचे आणि पडल्या पडल्या बोलायचे. "मी बेशुद्ध आहे. मान मागे करा. अरे मान म्हणतोय, केस ओढू नका."

सातपूरच्या आमच्या कारखान्यात काका टाइम ऑफिसात होते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कामगारांना प्रथमोपचार शिकवायचाच, हा त्यांचा ध्यास. देवळाली कॅम्पात जाऊन लष्करातल्या एका निवृत्त कंपाउंडरकडून ते स्वतः शिकून आले. मग मॅनेजरसाहेबांच्या असे मागे लागले, की साहेबांनी कंटाळून शनिवारी सुटीनंतरचा एक तास देऊन टाकला. आता सुटी झाल्यावर थांबतो कोण? काका भेळभत्ता आणत आणि शिकवून झाल्यावरच पुडा सोडत.

अडचण वेगळीच होती. जमिनीवर निपचित पडायला कुणी तयार होईना. जिवंतपणी प्रेताचं सोंग कशाला, त्यात शनिवार! शेवटी काकाच पोतं अंथरून आडवे होत. शिकवणारेही तेच, पेशंटही तेच. चांदवडचा रंगनाथ तोंडानं श्वास द्यायला वाकला, की काका डोळे मिटूनच सांगत, "आधी चूळ भरून ये."

एका दुपारी मशीनच्या उघड्या वायरीला माझा हात लागला. पुढचं सगळं ऐकीव. रंगनाथनं मेन स्विच पाडला, मला सपाट झोपवलं, आणि सगळे गप्प उभे राहिले. पुढचं पेशंट सांगेल म्हणून! सवयच तशी लागलेली. तेवढ्यात काका धावत आले, पण दारातच थबकले. तिथूनच ओरडले, "तो नाही सांगणार रे! मान मागे! श्वास द्या!"

मग भराभर हात चालले. मी शुद्धीवर आलो तो तंबाखूच्या वासानं. "चूळ नाय भरली बरं का," रंगनाथ म्हणाला, "टाइम नव्हता." तो वास आला की मी आजही मनातल्या मनात हात जोडतो.

बरा झाल्यावर पेढे घेऊन काकांच्या खोलीवर गेलो. एकटेच राहत. म्हटलं, काका, यापुढे पोत्यावर मी पडतो, तुम्ही उभे राहून शिकवा.

काकांनी पेढा न खाताच पुड्यात परत ठेवला. "तुझी काकू सटाण्याच्या स्टँडवर पडली," ते म्हणाले. "लोकांनी नाकाला कांदा लावला. मीही लावला. दुसरं काही येतच नव्हतं. पडलेल्या माणसापाशी उभं राहणं मला अजून जमत नाही रे. त्यापेक्षा आपण पडलेलं बरं."

पुढच्या शनिवारी पोत्यावर काकाच आडवे झाले. या वेळी शेजारी मी गुडघे टेकले आणि त्यांची मान अलगद मागे केली. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. सूचना काही येईना.

"काका, पुढचं सांगा ना," रंगनाथ म्हणाला.

मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळलं. काका म्हणाले, "मी बेशुद्ध आहे."