मधोमध ठेवलेला बदाम

शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, एवढंच नझीर मापारीने ठरवलं होतं. आता यात कुणाचं काय वाकडं व्हायचं? पण माणसाचे दिवस फिरले की चांगली सवयसुद्धा पायात येते.

साल असेल त्रेसष्ट-चौसष्ट. आखातात, बनेद अल-गारमधल्या एका जुन्या घरात नझीर माडीवर राहायचा, आणि त्याच्याबरोबर रियाज. दोघेही दाभोळकडचे, दोघेही बाजारात कापडाच्या दुकानात विक्रेते, आणि स्वयंपाकात दोघांची मजल चहापर्यंत (रियाजची तिथपर्यंतही नव्हती, पण तो कबूल करत नसे). खाली अशरफमामूंचं बिऱ्हाड. मामूंनी उमेदीची वर्षं आगबोटीवर काढली होती, आता बंदरावर नोकरीला होते. भरघोस मिशा, खर्जातला आवाज, आणि बोलणं म्हणाल तर सलामाला सलाम, बस्स. घरात फखरुन्निसामामी आणि मामूंची भाची असमा. असमा शाळेत लहान मुलांना शिकवायची आणि जिन्यात भेटली की मान खाली घालून हसायची. ती पाणीवाल्याकडे बघूनही तशीच हसायची, पण हे बघायला नझीरला डोळे कुठे होते?

ईदला खालून सांदणांचा डबा आला. इनॅमलचा, निळ्या फुलांचा. भरून आलेलं भांडं भरूनच परत जातं, ही आईची शिकवण. नझीरने त्यात खजूर घालून दिले. झालं, पुढच्या जुम्म्याला डबा परत वर. आत नारळाच्या दुधातल्या शेवया आणि बरोबर मधोमध एक सोललेला बदाम.

नझीर त्या बदामाकडे बघतच राहिला. रियाज म्हणाला, "चुकून पडलेला बदाम कडेला जातो. मधोमध पडत नसतो, ठेवावा लागतो." रियाजला प्रेमातलं ओ की ठो कळत नव्हतं. डबा चालू राहावा, एवढीच त्याची तळमळ होती.

मग दर जुम्म्याला डबा वर यायचा आणि आठवड्यात कधीतरी भरून खाली जायचा. किती दिवस खजूर देणार? दुकानाशेजारच्या हॉटेलातल्या मलबारी आचाऱ्याच्या हातापाया पडून नझीर एकेक पदार्थ शिकला. पहिला शिरा असा झाला की पातेलं टाकून द्यावं लागलं. पण हळूहळू हात बसला. आणि खालून कधी पुलाव येवो, कधी झुबैदीचं, म्हणजे आपल्या पापलेटाचं, कालवण येवो, गोड असेल त्या दिवशी मधोमध तो बदाम असायचाच.

हसू नका. तिशी उलटली होती बिचाऱ्याची. सुट्टीवर गेला की आई मुली दाखवायची आणि मुली त्याचं टक्कल बघायच्या. या वाळूत आपल्यासाठी कुणीतरी बदाम सोलतंय, या विचाराने त्याचा आठवडा निघायचा. मनात मांडे खाता खाता त्याने दोन मुलांची नावंसुद्धा ठरवून टाकली होती.

शेवटी रियाजने टोचलं की आता बोल, नाहीतर दुसरा कुणी बोलेल. बोलायचं म्हटलं की नझीरची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून त्याने मोगऱ्याच्या अत्तराची एक चिमुकली बाटली आणली, डब्यात तळाशी ठेवली आणि वर जर्दा, म्हणजे केशरी गोड भात, भरला. असमा जर्दा ताटात काढेल, तिला बाटली दिसेल आणि न बोलता सगळं बोलून होईल, असा बेत. बेत चांगला होता. फक्त डबा पडला मामींच्या हातात, आणि मामींनी आलेला डबा जसाच्या तसा गरम करायला स्टोव्हवर चढवला.

तळाशी बाटलीचं बूच उडालं. मोगऱ्याचा घमघमाट जिन्याने माडीवर आला, तसा नझीर मटकन खाटेवर बसला. खाली मामू मात्र तो जर्दा चाटूनपुसून खात होते. दुसऱ्या दिवशी म्हणे बंदरावर ते ढेकर देतील तिथे लोक विचारत होते, लग्न कुणाचं आहे?

त्याच संध्याकाळी असमा जिन्यात थांबली. हातात रुमालात गुंडाळलेली बाटली होती, स्वच्छ धुतलेली.

"नझीरभाई," ती म्हणाली. (खरं तर त्या 'भाई'तच निकाल लागला होता, पण आशा मोठी चिवट.) "ही वाढताना माझ्या हाताला लागली. मी कुणाला दाखवली नाही. मामूंना वाटतंय, केवडा होता."

"मला वाटलं होतं..." नझीर अडखळला.

"तुम्हाला काय वाटलं ते कळलं मला. माझं बहरीनला ठरलंय, गेल्याच वर्षी. रमझान झाला की निकाह आहे. तुम्ही माणूस चांगले आहात, म्हणून म्हटलं, आपणच जाऊन सांगावं."

नझीरला फार वाईट वाटलं. अगदी खरोखरचं, छातीत दुखावं तसं. तरी एक गोष्ट विचारल्याशिवाय त्याला राहवेना. "मग तो बदाम? दर वेळी मधोमध ठेवायच्या तो?"

असमाला आधी कळेचना. मग कळलं, आणि हसू दाबायला तिने ओढणीच तोंडावर धरली. "तो मामू ठेवतात. डबा मामूच करतात ना. बोटीवर भंडारी होते ते, सगळ्या खलाशांचं रांधायचे. माझी तर साधी डाळ करपते."

नझीर कठड्याला धरून उभा राहिला. इतके महिने ज्या हाताच्या नावाने तो उसासे टाकत होता, त्या हातावर नांगर गोंदलेला होता.

"डबा मात्र बंद करू नका," असमा जाता जाता म्हणाली. "मामींना पथ्य आहे. मी गेल्यावर मामू कुणासाठी करणार? तुमचा डबा आला की दिवसभर खूष असतात. म्हणतात, माझ्या हाताची कदर त्या एका पोरालाच आहे."

वर जाऊन नझीरने रियाजला सगळं सांगितलं. रियाजचा चेहरा पडला. जिवलग मित्राच्या दुःखाने तो कासावीस होऊन म्हणाला, "म्हणजे आता डबा बंद?"

बंद कसला? जुम्म्याला दार वाजलं. या खेपेला मामू स्वतः जिना चढून आले होते, धापा टाकत, डबा दोन्ही हातांत धरून. कधी नव्हे ते आपणहून बोलले, "पोरा, त्या जर्द्यातला केवडा कुठला रे? एवढी बंदरं पालथी घातली, पण असा वास नाही आला कुठे. मला सोडून दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

नझीरने झाकण उघडलं. आत शेवया होत्या, आणि मधोमध शेजारी शेजारी दोन बदाम. त्याने बदामांकडे पाहिलं, मामूंकडे पाहिलं. मामू मिशीतल्या मिशीत हसत होते.

नझीर काय करणार? लाजला.