तीन वर्षांचं वाडगं

समिती अकराला येणार होती आणि पावणेअकराला गोजरबाईंनी वाडगं घासलं.

वाडगं साधं नव्हतं. शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात डॉ. ऋतुराज देशमुखांनी तीन वर्षं खपून उसाची चिपाडं, मक्याचं भुसकट आणि स्वतःचं विलक्षण डोकं यांतून ते घडवलं होतं. कुजणारं, थर्माकोलला पर्याय. आज ते समितीला पटलं तर प्रकल्प पुढे चालणार. नाहीतर सरांवर पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्याची पाळी.

"पाव्हणे येणार म्हणलं, भांडं घासून ठिवावं," गोजरबाई म्हणाल्या. प्रयोगशाळेची झाडलोट त्यांच्याकडे. त्यांच्या हातात आता लापशीसारखं काहीतरी होतं.

"अहो बाई, तीन वर्षं!" सर ओरडले.

"व्हय, आन् पान्यात इरघळलं की लगीच! मी तवाच म्हणलं व्हतं, मेथी घाला. तुमी हसले."

जिन्यात पावलं वाजली. सरांनी लगदा कचऱ्याच्या डब्यात लोटला आणि गोजरबाईंना बाहेर पिटाळलं. खिडकीत गोजरबाईंचं भाकरीचं टोपलं होतं. रद्दी भिजवून, मेथी घालून, कुटून केलेलं. सरांनी भाकरी कपाटात कोंबल्या आणि टोपलं टेबलावर मांडलं.

"वाडग्याची सुधारित आवृत्ती," ते समितीला म्हणाले. "यात चिकटपणासाठी मेथी वापरलीय. माझीच कल्पना."

समितीनं टोपलं आपटलं, दाबलं. एक वजनदार सदस्य ते पालथं घालून वर बसलेसुद्धा.

"कमाल आहे!" अध्यक्षा सुलेखा मॅडम म्हणाल्या. "कुजतं किती दिवसांत?"

"नव्वद."

तेवढ्यात गोजरबाई भाकरी शोधत आल्या. "अगं बया! माझ्या सासूच्या टोपल्यावर ह्यो बाप्या कामून बसलाय?"

सदस्य उठले. मॅडमनी विचारलं, "किती जुनं आहे हे, बाई?"

"चाळीस वर्षं झाली. सासू गेली, टोपलं नाय गेलं."

"डॉक्टर, जे चाळीस वर्षं कुजत नाही, त्याला..." मॅडम थांबल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला. "हा वास कसला?"

कचऱ्याच्या डब्यावर माश्या घोंघावत होत्या.

"त्यो व्हय?" गोजरबाई म्हणाल्या. "ते सरांचं संशोधन हाय. मघाधरनं सडायलंय."

आठवड्यानं अहवाल आला : 'विघटनाचा वेग अपेक्षेहून अधिक समाधानकारक. प्रकल्पास तीन वर्षांची मुदतवाढ. मेथीमुळे वस्तू टिकते, सबब ती वगळावी.'