साहेबांची सोळा वर्षांची शिक्षा

"आते खोटं बोलाव नही! सायब तोंड उघडाना आधी मीच सांगी टाकसू, जेलम्हा व्हतू म्हनीसन!"

देवचंदने ही घोषणा जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आपल्या एका खोलीच्या घरात, छाती पुढे काढून केली. समोर त्याची बायको लिलाबाई, पोरगीला शेजारी निजवून, लोकांचे उडदाचे पापड लाटत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्ही खरं बोला का खोटं बोला, आखाजीना आधी नोकरी लागाले पाहिजे. नही ते नाना माले लेवाले येतीन. मंग परतनं नाव नको!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची हा खानदेशातल्या लेकींचा हक्कच. पण यंदा लिलाबाईच्या वडिलांनी, पितांबर नानांनी, निरोपच धाडला होता की जावयाला कायमची नोकरी नसेल तर लेक आखाजीला येईल ती राहीलच. नानांची सगळी हयात भुसावळला रेल्वेत गेलेली. रूळ सोडून चालणाऱ्या कशावरच त्यांचा विश्वास नव्हता, आणि जेलमधून सुटून आलेला जावई म्हणजे त्यांच्या लेखी घसरलेला डबा होता!

देवचंदचा गुन्हा तसा पाहिला तर शेतीचाच. अमळनेरजवळच्या त्याच्या गावी लाईट गेली, मिरचीने माना टाकल्या, आणि वायरमन म्हणाला, पाहू पुढच्या आठवड्यात. देवचंदने त्याला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून ओरडला, "लाईट येस तवलोंग दार उघडाव नही!" लाईट संध्याकाळच्या आत आली. लाईटच्या मागोमाग पोलीसही आले. नऊ महिने सश्रम, मुक्काम धुळे.

सुटल्यावर जळगावला येऊन त्याने कापसाच्या जिनिंगमध्ये काम धरलं, लाकडाच्या वखारीत धरलं, एका लॉजवरही धरलं. जेलची गोष्ट प्रत्येक ठिकाणी लपवली आणि प्रत्येक ठिकाणी ती कुणीतरी फोडली. मालक म्हणायचे, "काम चांगलं करतोस रे, पण..." त्या 'पण'नंतर देवचंद चप्पल शोधायला लागायचा. म्हणून ही घोषणा.

नोकरी होती एमआयडीसीतल्या नव्या चटईच्या कारखान्यात. मालक सुरतला, आणि मॅनेजर त्रिपाठीसाहेब नुकतेच काशीहून आलेले. गोरेपान, कपाळाला गंध, आणि हिंदी अशी शुद्ध की ऐकणाऱ्याने हात जोडावेत. देवचंदचं हिंदी जळगावच्या बाजारातलं.

तो आत गेला, घसा साफ केला, जेलचा 'जे' ओठांवर आणला, तोच साहेबांनी हसून विचारलं, "आपकी शिक्षा कहाँ हुई?"

देवचंदच्या अंगावर काटा आला. न सांगताच ओळखलं! आणि वर 'आपकी' म्हणाले! लॉजच्या मालकाने तर 'चल निघ' म्हटलं होतं.

"धुलिया में, साब."

"कितनी?"

"नौ महिने की. लेकिन मेरी वर्तणूक अच्छी थी, तो जल्दी छोड दिया."

"वाह! रहना-खाना?"

"वहींच, साब. बाहर जानेच नहीं देते थे. सुबे घंटी, प्रार्थना, फिर दिनभर सतरंजी बुनना."

"एकदम गुरुकुल!" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "और खर्चा?"

"सब सरकार का, साब."

"अद्भुत!" साहेब म्हणाले. "आप सिर झुकाकर क्यों बोलते हैं? शिक्षा से तो आदमी का मस्तक ऊँचा होता है!"

देवचंदचे डोळे भरून आले. बापानेसुद्धा असा धीर दिला नव्हता. त्याच भरात त्याने भीत भीत विचारलं, "साब, आपकी पण... हुई है?"

"क्यों नहीं! पूरे सोलह साल. काशी में."

सोळा वर्षं! देवचंदने खुर्चीचा हात घट्ट धरला. खुनाशिवाय सोळा वर्षं मिळत नाहीत, एवढा कायदा तो धुळ्याला शिकला होता.

"मेरे पिताजी की भी वहीं हुई. दादाजी की भी. हमारे खानदान में बिना शिक्षा के कोई नहीं." साहेब अभिमानाने सांगत होते. "पत्नी की तो अभी चल रही है. दो साल बाकी हैं."

केवढा हा माणूस! बायको अजून आत, आणि चेहऱ्यावर हसू! देवचंदने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. साहेबांनी त्याला उठवलं, मागावर बसवून हात पाहिला, आणि तिथल्या तिथे मुकादम नेमलं.

मग काय! तिन्हीसांजेच्या आत ही बातमी अख्ख्या पिंप्राळ्यात झाली. "सोळा वरीस! आनि आज मॅनेजर!" चहाच्या टपरीवर माणसं कप हातात धरून थिजली. शेजारचा पंडित एम.ए. होऊन चार वर्षं बेकार होता. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "मी सगळं आयुष्य पदव्या घेण्यात घालवलं रे!" दुसऱ्या दिवशी तो चौकीवर गेला आणि हवालदाराला नम्रपणे म्हणाला, "एखादी लहानशी शिक्षा मिळेल का? नोकरीपुरती." हवालदाराने त्याला चहा पाजून घरी पाठवला.

त्रिपाठीसाहेबांचं भाग्य तर असं उजळलं की त्यांनाच नवल वाटायला लागलं. दूधवाल्याने दुधात पाणी घालणं सोडलं. रिक्षावाले पैसे घेईनात. साहेब वळले की नाक्यावरची पोरं विडी पाठीमागे लपवायची. कारखान्यात उशिरा येण्याची कुणाची छाती नव्हती. "देवचंदजी," साहेब एकदा गहिवरून म्हणाले, "शिक्षित आदमी का इतना सम्मान मैंने काशी में भी नहीं देखा!" लिलाबाईने तर उडदाचे पापड बांधून दिले. "त्यासनी बायकोले धाडा म्हनो. जेलम्हा काय खात व्हई बिचारी!" पापड पोचले. काशीहून आभाराचं पत्रही आलं.

आखाजी दोन दिवसांवर आली, तसे पितांबर नाना स्वतः जळगावात उतरले. जावयाला नोकरी लागल्याचं त्यांनी ऐकलं होतं, पण जेलमुळे लागली हे काही त्यांच्या पचनी पडेना. ते सरळ कारखान्यात गेले. देवचंद त्यांच्या मागे मागे.

त्रिपाठीसाहेब उठून उभे राहिले. "आइए, आइए! आपके दामाद की शिक्षा पर हमें गर्व है!"

"गर्व?" नाना म्हणाले.

"बिल्कुल! मैं तो चाहता हूँ, जलगाँव का हर बच्चा ऐसी ही शिक्षा पाए!"

नानांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. भुसावळच्या रेल्वेत त्यांनी उत्तरेकडच्या माणसांबरोबर उभा जन्म काढला होता. त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"साहब," ते म्हणाले, "आप पढाई की बात कर रहे हैं क्या? मराठी में शिक्षा माने सजा! ये जेल में था, जेल में!"

साहेब खाली बसले. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"तो वो दूधवाला..." ते पुटपुटले. "और रिक्शावाले... मुझे..."

"सोलह साल की सजावाला समझते हैं, साब," देवचंद म्हणाला. "आपके पिताजी को पण."

साहेबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचा आवाज खोल गेला होता. "देवचंदजी, मालिक का पहला नियम है. जेल काटा हुआ आदमी नहीं चाहिए."

देवचंदची नजर सवयीने चपलेकडे गेली. लिलाबाईने ट्रंक भरायला घेतली असेल, एवढंच त्याला दिसत होतं. पण या वेळी त्याच्या तोंडून शब्द फुटला. "साब, मैंने छुपाया नहीं. आपने पूछा, मैंने पहलाच शब्द सच बोला."

साहेब एकदम उठले, सुरतेला फोन लावला आणि सगळा कारखाना ऐकेल अशा आवाजात बोलू लागले. "जी, जेल! नहीं, गलत मैंने सुना, इसने तो सच कहा! जी, यहाँ झूठी डिग्री लेकर आते हैं लोग, ये अपनी सजा बताकर आया! इसको निकालना है, तो मुझे भी निकालिए!"

नानांनी नकळत हात जोडले. आपल्या जावयासाठी काशीचा ब्राह्मण नोकरी पणाला लावतोय, हे त्यांना खरंच वाटेना. देवचंदला तर रडूच फुटलं. शिक्षा झालेली असो की नसो, माणूस सोळा आणे मोठा होता!

साहेबांनी फोन ठेवला. "जेल चलेगा."

नानांनी जावयाला मिठी मारली! जन्मात पहिल्यांदा!

"लेकिन," साहेब म्हणाले.

'पण'चं हिंदी देवचंदला चांगलं कळत होतं.

"मुकादम कम से कम सातवीं पास चाहिए, मालिक का दूसरा नियम है. आपकी शिक्षा... यानी पढाई, कितनी हुई?"

नऊ महिने सश्रम सांगताना देवचंदला इतकी लाज वाटली नव्हती.

"चौथी," तो म्हणाला. "नापास."

संध्याकाळी लिलाबाई दारातच उभी होती. ट्रंक भरलेली, पोरगी कडेवर. पुढे नाना, मागे मान खाली घातलेला नवरा.

"काय व्हयनं? नोकरी गई?"

"राह्यनी," देवचंद म्हणाला. "पन शिक्षा व्हयनी."

"आखो एक? कितली?"

"सातवीपर्यंत," नाना म्हणाले. "रोज सुट्टी झाल्यावर, कारखान्यातच. तो शेजारचा पंडित शिकवणार आहे, साहेबांनी त्यालाही नोकरी दिली. तू आखाजीला चल, आणि पंधरा दिवसांत परत ये. त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायला कुणी नको का?"

लिलाबाई हसली, रडली, आणि ट्रंकेतल्या अर्ध्या साड्या काढून परत खुंटीवर टाकल्या. देवचंद मात्र उंबऱ्यावर बसून राहिला. हातात पंडितने दिलेलं बाराखडीचं नवंकोरं पुस्तक.

"धुयानी शिक्षा बरी व्हती वं," तो म्हणाला. "तठे शुद्धलेखन नव्हतं!"